सरोजक्कांचा तास

सरोजक्का कुठल्याही दारातून पाठमोऱ्या आत येत. दोन्ही हात कोपरात वाकवून छातीसमोर धरलेले. कंबरेने दार ढकलायचं, गिरकी घ्यायची आणि मगच समोर कोण आहे ते बघायचं. ऑपरेशन थिएटरमध्ये हे बरोबरच. धुतलेला हात दाराला लागता कामा नये. पण सरोजक्का बँकेतही अशाच शिरत. म्हैसूरच्या कुवेंपुनगरातल्या एका लग्नात त्या पाठमोऱ्या हॉलमध्ये घुसल्या आणि केसरीबातचं पातेलं घेऊन बाहेर पडणाऱ्या आचाऱ्यावर आदळल्या. त्याच्या अंगावर गरम शिरा सांडला आणि वर झापलं त्यालाच. "दारातनं येताना आवाज द्यायचा असतो, एवढं पण कुणी शिकवलं नाही होय?"

शिकवणं हेच त्यांचं काम होतं. मी मूळची नाशिकची. नवरा म्हैसूरच्या हेब्बाळ भागातल्या एका आयटी कंपनीत, म्हणून इकडे आले आणि इथल्या एका खासगी हॉस्पिटलात ट्रेनिंग कोऑर्डिनेटर म्हणून चिकटले. शिक्षण बी.कॉम. नर्सेसना आपली नोंदणी टिकवायला दर काही वर्षांनी शिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात. थिएटरमधल्या सिस्टरांना शिकवायचं काम तिथल्याच जुन्या सिस्टर सरोजक्कांचं आणि त्या सिस्टरांना खुर्चीपर्यंत आणायचं काम माझं. दोघींपैकी कुणाचं काम जास्त निराशेचं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अक्कांचे पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते म्हणे. घरात मराठी टिकली होती, पण तिच्यात कन्नड इतकी मुरलेली की सुरुवातीला मी नुसती मान हलवायचे. "काय गं पुणे, ऊटा झालं?" म्हणजे जेवलीस का. "सुम्ने बसू नको" म्हणजे उगाच बसून राहू नको. मी पुण्याची नाही, नाशिकची आहे, हे मी त्यांना किती वेळा सांगितलं. त्या म्हणत, "तेच ते गं. सगळं तिकडंच आहे." लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, "इमर्जन्सी आली, राहून गेलं."

तास दर गुरुवारी, ऑपरेशनं उरकल्यावर, कॅन्टीनशेजारच्या खोलीत. डबल ड्यूटी करून आलेल्या मुली, भरलेलं पोट आणि फिरणारा पंखा. पहिल्या पाच मिनिटांत अर्ध्याजणी पेंगायच्या. उरलेल्या जाग्या असायच्या त्या मोबाईलमुळे. अक्का तरीही पेटून शिकवत. त्यांच्यासमोर "मला वाटलं" म्हणायची बंदी होती. "मला वाटलं ते निर्जंतुक आहे," असं एखादी म्हणाली की अक्का तिच्यासमोर जाऊन उभ्या राहत. "थिएटरात कुणाला काही वाटत नसतं. माहीत असतं नाहीतर नसतं. वाटायचं ते घरी जाऊन वाटू दे."

हात कसे धुवावेत हे शिकवताना त्या मुलींच्या डोळ्यांवर पट्टी बांधत आणि साबणाऐवजी कुंकवाचं पाणी हातावर ओतत. चोळून झालं की पट्टी सोडायची. जिथे लाल झालं नाही, तिथे साबण पोहोचलाच नसता. एकदा हॉस्पिटलचे सुपरिटेंडंट वर्ग बघायला आले. अक्कांनी त्यांनाही बसवलं. साहेबांचे दोन्ही अंगठे कोरडे राहिले आणि पांढऱ्या शर्टाचे कफ मात्र कुंकवाने न्हाले. "अय्यो सर, अंगठा राहिला," अक्का हळहळल्या. शर्टाचं त्यांना काहीच वाटलं नाही. साहेब पुन्हा कधी वर्गावर फिरकले नाहीत.

पोट शिवून बंद करण्याआधी आत गेलेला प्रत्येक कापसाचा बोळा, प्रत्येक चिमटा मोजून परत घ्यायचा असतो. त्याच्या सरावासाठी अक्का खोलीत एक बोळा लपवत आणि तो सापडेपर्यंत कुणाला सोडत नसत. एका गुरुवारी तो सापडेचना. आम्ही खुर्च्या उलट्या केल्या, कचऱ्याचा डबा उपसला. शहराबाहेर बेळगोळला राहणाऱ्या मुलींची बस चुकली. शेवटी शिल्पा नावाच्या मुलीला तो दिसला. अक्कांच्या अंबाड्यात! त्यांनीच खोचला होता. सगळ्या हसलो. अक्काही हसल्या, पण जरा उशिरा.

त्यानंतर एका गुरुवारी त्यांनी मागच्याच आठवड्याचा धडा पुन्हा शिकवला. मला वाटलं, उजळणी असेल. पुढच्या गुरुवारी पुन्हा तोच. तीच उदाहरणं, तोच विनोद, त्याच जागी तोच दम. वर्गातल्या एकीच्याही लक्षात आलं नाही. यात हसावं की रडावं, मला कळेना.

पुढचं मला शिल्पाने सांगितलं. ही शिल्पा म्हणजे अक्कांच्या वर्गात खरोखर ऐकणारी एकुलती एक मुलगी. पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. हत्यारं हातात द्यायला अक्का, बाहेरून मोजदाद बघायला शिल्पा. दोघींनी मोठ्याने मोजायचं, अशी पद्धत. अक्का मोजता मोजता मध्येच थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा थांबल्या.

"झालं का सिस्टर?" सर्जननी विचारलं.

"डॉक्टर, शिवू नका," अक्का म्हणाल्या. "माझा काउंट धरू नका. दुसरी सिस्टर बोलवा."

दुसरी आली, हात धुऊन तयार झाली, तिने मोजलं. सगळं बरोबर होतं. रोग्याला काही झालं नाही. अक्का मात्र ग्लोव्हज काढून कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिल्या. शिल्पा मागोमाग गेली.

"आलं का बरोबर?"

"हो अक्का. सगळं बरोबर."

"मला वाटलंच होतं," अक्का म्हणाल्या, आणि स्वतःच्या तोंडून निघालेला तो शब्द ऐकून बाकावरून उठल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच साहेबांकडे जाऊन सांगितलं की यापुढे मला थिएटरात उभं करू नका. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. विसरण्याचा आजार, सुरुवात आहे, म्हणाले. अक्का माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. दारातून त्या दिवशी सरळ आल्या होत्या.

"पुणे, गुरुवार काढून घेऊ नको गं. जुनं सगळं आहे माझ्याजवळ. सकाळचं तेवढं जातं."

मी म्हटलं, "अक्का, गुरुवार तुमचाच."

पण गुरुवार माझ्या हातात कुठे होता? शिल्पा आयर्लंडला गेली. जायच्या आधी अक्कांच्या पाया पडली. अक्कांनी तिला पोटाशी धरलं, आणि ती गेल्यावर मला म्हणाल्या, "एक शिकली, ती पण विमानात बसली." महिनाभराने सुपरिटेंडंट साहेबांनी सगळं ट्रेनिंग ऑनलाइन केलं. व्हिडिओ बघायचा, खाली प्रश्न येतात, उत्तरं दाबायची. मुली खूश. मोबाईलवर व्हिडिओ लावून, आवाज बंद करून, तो टेबलावर पालथा ठेवायचा आणि इडली खायची. उत्तरं ग्रुपवर आधीच आलेली. सगळ्या पैकीच्या पैकी मार्कांनी पास. पूर्वी कधीही न भरलेले तास आता सगळ्यांचे भरले आणि त्याबद्दल साहेबांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं.

अक्कांच्या निवृत्तीला कॅन्टीनशेजारच्या त्याच खोलीत हार, शाल, म्हैसूरपाक, सगळं व्यवस्थित झालं. दोन शब्द बोला म्हटल्यावर त्या उठल्या, गर्दीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हात वर." कुणाला काही कळलं नाही. मग त्यांनी बोटांच्या बेचक्यांपासून हात धुवायचा धडा सुरू केला. मनगटापर्यंत पोचल्या असतील नसतील, साहेबांनी टाळ्या वाजवल्या. लगेच सगळ्यांनी वाजवल्या. अक्कांनी वर धरलेले हात खाली घेतले आणि त्या बसल्या. त्या खोलीत एवढी माणसं त्यांच्यासमोर पहिल्यांदाच जमली होती.

काही आठवड्यांनी त्यांच्या भावजयीचा फोन आला. भाऊ-भावजय वरच्या मजल्यावर राहतात, अक्का खाली एकट्या. "गुरुवार आला की साडी नेसून तयार होऊन बसतात. तास आहे म्हणतात. आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा."

गुरुवारी दुपारी स्कूटर काढून गेले. मला बघून अक्का खुर्चीतून उठल्या आणि शिकवायलाच लागल्या. मी समोर वेताच्या बुटक्या मोड्यावर बसले. पुढच्या गुरुवारी पुन्हा गेले. हळूहळू त्या मध्येच अडायला लागल्या. शब्द शोधत राहायच्या, घामेजायच्या, मग मी तो हळूच पुरवायचे. आधी शब्द, नंतर वाक्य. मी सुई बघून डोळे मिटणारी बाई, पण हजेरीसाठी मी त्यांच्या प्रत्येक तासाला मागच्या रांगेत बसले होते. झोपायची सोय नव्हती, म्हणून ऐकलं होतं. सगळंच्या सगळं माझ्यात शिल्लक होतं. एके दिवशी माझ्या लक्षात आलं की शिकवत मी आहे आणि मोड्यावर अक्का बसल्या आहेत.

मागच्या गुरुवारी मी गाऊन कसा घालायचा ते सांगत होते. आतली बाजू आपली, बाहेरची रोग्याची. बाहेरच्या बाजूला आपण हात लावायचा नाही. अक्का मान थोडी कलती करून, हात मांडीवर ठेवून, अगदी शहाण्या मुलीसारख्या ऐकत होत्या.

"छान सांगतेस गं तू," त्या म्हणाल्या. "कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "होत्या एक सिस्टर आमच्याकडे."

"कडक होत्या का?"

"फार."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग पुढे वाकून, दुसऱ्या कुणी ऐकू नये अशा आवाजात विचारलं, "पोरी यायच्या का गं त्यांच्या तासाला?"

"यायच्या की अक्का," मी म्हटलं. "बसायला जागा उरायची नाही."

"मग बरं," अक्का म्हणाल्या, आणि पुढचं ऐकायला सरसावून बसल्या.