डब्यातलं काहीच वाया गेलं नाही

काबुली चण्यांचा डबा फोडायचा आणि त्यातलं काहीही मोरीत ओतायचं नाही, एवढंच भिंग्याने ठरवलं होतं. पुढे जे झालं त्यात त्याचा हेतू शुद्ध होता. (शुद्ध हेतूच्या माणसापासून घरच्यांनी चार हात लांब राहावं, पण घर असतं दोन खोल्यांचं.)

भिंग्या चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा, म्हणून दुकानात सगळे त्याला भिंग्या म्हणत. त्या संध्याकाळी दुकानाचे मालक त्याच्याकडे जेवायला येणार होते. नवी शाखा निघत होती, तिला मॅनेजर हवा होता, आणि माणूस पारखायचा तो त्याच्या घरी जेवून, अशी मालकांची पद्धत. मालक कमालीचे काटकसरी. तुटक्या चष्म्यांचे स्क्रू काढून ठेवायचे. कॉन्टॅक्ट लेन्स ठेवायच्या डब्यांचा रंग उडाला की त्या फेकून न देता दिवाळखोराच्या उदारपणाने नोकरांना वाटायचे. त्यामुळे भिंग्याच्या घरात लवंगा, सुया, सेफ्टी पिना, सगळं संसारोपयोगी सामान 'डावा-उजवा' अशा जोडडब्यांत राहत होतं.

"हमस करतो," भिंग्या म्हणाला.

"म्हणजे काय करता?" सासऱ्यांनी पेपरामागून विचारलं. सासरे निवृत्त स्टोअरकीपर. लेकीकडे चार दिवस राहायला आले होते, त्याला आता बराच काळ लोटला होता.

"चणे वाटायचे, बाबा. त्यात तिळाची पेस्ट, लिंबू, लसूण, तेल. लोण्यासारखं मऊ होतं. आणि डब्यातलं काही म्हणजे काही टाकायचं नाही. मालक बघतच राहतील."

"रिकामा डबाही वाटणार का?" बायकोने विचारलं.

"त्यात चमचे उभे करणार."

"बरं झालं. त्याच्यावाचूनच आपलं अडलं होतं," असं म्हणून बायको लेन्स काढून ठेवून जरा पडायला गेली.

भिंग्याने डबा उघडला, पाणी एका वाटीत काढलं आणि चणे सोलायला बसला. हमस मऊ हवं तर प्रत्येक चण्याचं साल काढावं लागतं. पहिला चणा चिमटीत दाबला, तो टुणकन उडून पेपरावर आपटला आणि साल बोटाच्या टोकावर राहिलं. भिंग्या बघतच बसला. पारदर्शक, वाटीसारखं खोलगट, कडा एकसारख्या. त्याने ते उजेडासमोर धरलं. त्यातून खिडकी पाहिली. मग सासरे पाहिले.

"काय दिसतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही. जरा धूसर."

"मग बरोबर आहे. मला सकाळपासून तसंच वाटतंय."

लेन्स उघड्यावर ठेवायची नाही, हा दुकानातला पहिला नियम. भिंग्याचा हात आपोआप डबीकडे गेला. फाटकी सालं त्याने बशीत टाकली. अख्खी सालं मात्र मापाच्या जोड्या लावून, थोडं पाणी घालून, डब्यांमध्ये डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे ठेवली. (चण्याला डावं-उजवं असतं का, हा प्रश्न त्याला पडला होता. त्याने वेळ काढून तपासलं. नसतं.) ओट्यावर डब्यांची रांग लागली. ती सालं तळून हमसवर कुरकुरीत पेरायची होती.

राहिलं पाणी. घट्टसर, पिवळट. हे घुसळलं की पांढरा फेस येतो आणि साखर घालून गार केला की गोड म्हणून खाता येतो, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. स्वयंपाकघरातल्या एकुलत्या प्लगवर मिक्सर चणे वाटत होता, म्हणून भिंग्या वाटी आणि बीटर घेऊन न्हाणीघरात गेला. तिथे आरशाजवळ एक प्लग होता.

आधी काहीच झालं नाही. मग बुडबुडे आले. मग पाण्याचा चक्क ढग झाला. वाटी तिरकी केली, पडेना. उपडी केली, पडेना. स्वतःच्या डोक्यावर उपडी धरली, तरी पडेना. आता हिला जोरात झटकून पाहावं का, या विचारात तो असताना मिक्सरचा आवाज बदलला, आणि वाटी बेसिनवर ठेवून तो आत धावला.

हमस लोण्यासारखं झालं होतं. त्याने ते ताटात पसरलं, सगळ्या डब्या फडक्यावर उपड्या केल्या, सालं टिपली आणि खमंग तळून काढली. मग साखर घेऊन न्हाणीघराकडे निघाला, तर दारात सासरे. गाल टॉवेलने टिपत, गुळगुळीत.

"जावईबापू, साबण छान आहे. वास तेवढा कमी आहे."

भिंग्याने वाटीत पाहिलं. बोटाने पुसून घेतल्यासारखी स्वच्छ होती.

"बाबा, ते गोड होतं."

"दाढीचं? मग मला बेताचंच गोड आवडतं."

तेवढ्यात बायको ओट्यापाशी चाचपडत आली. "अरे, माझी डबी कुठे गेली? इथेच ठेवली होती."

भिंग्याला बोलायला वेळच मिळाला नाही, कारण दारावरची बेल वाजली. बायकोचा चष्मा दुरुस्तीसाठी भिंग्याच्या दुकानातल्या ड्रॉवरमध्ये कित्येक महिने पडून होता, त्यामुळे तिने जाऊन दार उघडलं आणि हसून, अदबीने, मालकांच्या छत्रीला "या, बसा" म्हटलं.

मालक बसले. ताट पाहिलं, डब्यातले चमचे पाहिले. "डबा टाकला नाही वाटतं."

"काहीच टाकलं नाही, साहेब," भिंग्या म्हणाला. "सालंही वर तळून घातलीत."

"वा." मालकांनी एक घास घेतला. मान डोलावली. दुसरा घेतला. भिंग्याला नव्या शाखेतली खुर्ची दिसायला लागली, फिरणारी. तिसऱ्या घासाला मालक चावायचे थांबले.

त्यांनी तोंडातून एक कुरकुरीत चकती काढली. उलटसुलट करून पाहिली. शांतपणे पाण्याच्या पेल्यात सोडली आणि वाट पाहत बसले. चकती हळूहळू मऊ झाली, उमलली. मालकांनी ती बोटाच्या टोकावर घेतली आणि दिव्यासमोर धरली.

"मायनस साडेचार," ते म्हणाले. "महिन्याने बदलायची."

"माझी," बायको म्हणाली. "डाव्या डोळ्याची."

"मग उजवी?"

सगळ्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासरे चावत होते.

"एक जरा कडक होतं खरं," ते म्हणाले.

आणि पुढे काहीच बोलले नाहीत. बोलता येतच नव्हतं. टॉवेलने नुसता टिपलेला चण्याचा फेस एव्हाना वाळून त्यांचा चेहरा कांजी केलेल्या शर्टाच्या कॉलरसारखा ताठ झाला होता. दोन शब्दांवर तिसरा काढला की गाल ओढला जाई.

"भिंग्या," मालक म्हणाले, "चण्याचं साल आणि लेन्स यातला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हातात मी दुकान कसं देऊ?"

भिंग्याने चमच्यांचा डबा उगीच सरळ केला.

मालक सासऱ्यांकडे वळले. "तुमचं काय मत?"

"बरोबर," सासरे म्हणाले.

"नोकर माणसं ऐकत नाहीत हल्ली."

"हं."

"तुम्ही काय करत होता?"

"स्टोअर सांभाळलं."

"कधी काही गहाळ झालं?"

सासऱ्यांना सांगायचं होतं की हो, एकदा एक शिडी गेली ती आजतागायत सापडली नाही, पण वाक्य लांब होतं. ते नुसते नाही म्हणून मान हलवून मोकळे झाले.

मालकांनी ताट पुसून हमस संपवलं. लेन्स रुमालात बांधून खिशात घातली. (ती कशाला, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही.) "इतकं मोजकं बोलणारा माणूस मी आजवर पाहिला नाही," ते उठताना म्हणाले. "सोमवारी नव्या शाखेत या."

"आम्ही दोघं?" भिंग्याने आशेने विचारलं.

"तूही ये. मॅनेजरना हाताखाली माणूस लागेलच."

चेहरा धुतल्यावर सासरे पुन्हा पूर्वीसारखे भरभरून बोलायला लागले, पण तोवर नेमणूक झाली होती. पहिल्याच आठवड्यात भिंग्याने पोटदुखीचं कारण सांगून एक दिवसाची रजा मागितली.

मॅनेजरसाहेब त्या फिरणाऱ्या खुर्चीत मागे रेलले. "खरंच दुखतंय का, ते आधी घरी जाऊन तुमच्या बायकोला विचारतो," ते म्हणाले. "मग सांगतो."