किटलीची उडी

ब्रेकसाहेबांनी नुसतं बघायचं ठरवलं होतं. पुढे जे काही झालं, त्याचा सगळा दोष त्या ‘नुसतं’कडे जातो.

ब्रेकसाहेब म्हणजे लिफ्ट तपासणारे इन्स्पेक्टर. खरं नाव त्यांच्या ओळखपत्रावर होतं, पण ऑफिसात ते कोणी वाचत नसे. कुठल्याही इमारतीत पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न, ‘ब्रेक बघितले का?’ (लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोच्या स्कूटरबद्दलही त्यांनी हेच विचारलं होतं. तिला वाटलं, ही आपली काळजी. नव्या नवरीचे असे बरेच गैरसमज असतात.) कोणी पडू नये, एवढंच त्यांचं आयुष्यभराचं काम.

एकदा एका इमारतीत सुटा भाग यायचा होता म्हणून लिफ्ट अडकून होती आणि जुना मिस्त्री पायरीवर बसून फोनवर काहीतरी खेळत होता. कामाच्या वेळेत हे काय, असं खडसावायला ब्रेकसाहेब वाकले आणि वाकलेलेच राहिले. फोनमध्ये एक किटली होती. तिला दोन पाय होते. ती डावीकडून उजवीकडे धावत होती, खड्डे ओलांडत होती, एका फळीवरून दुसरीवर उड्या मारत होती. हवेत असताना तिच्या तोटीतून वाफेचा फुत्कार निघे आणि तिला वरच्या वर आणखी एक उडी मिळे. झाकण टणाटण वाजे. मिस्त्रीला आपला फोन परत मिळाला तेव्हा तो सुटा भाग येऊन बसलासुद्धा होता.

‘कुठल्या दुकानात मिळतं हे?’ ब्रेकसाहेबांनी जाता जाता, म्हणजे अगदी सहज, विचारलं.

मिस्त्री म्हणाला, दुकान वगैरे काही नाही साहेब, बटण दाबायचं, घरी येतं.

घरी टीव्हीला एक छोटी डबी जोडलेली होती. बायकोने ती व्यायामाचे व्हिडिओ बघायला घेतली होती, आणि सोबत दोन हातांत धरायचा एक कंट्रोलर फुकट आला होता, तो अजून पिशवीतच होता. बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. ती कामावर असताना ब्रेकसाहेबांनी किटली शोधली, ‘डाउनलोड’वर बोट ठेवलं, आणि डबीने कळवलं की जागा नाही.

काहीतरी काढणं भाग होतं. व्यायामाचे व्हिडिओ काढायची त्यांची छाती झाली नाही. त्यांच्याखाली एक अवाढव्य व्हिडिओ होता, ‘बाबांचा निरोप समारंभ’. बाबा म्हणजे सासरेबुवा, निवृत्त हेडमास्तर. समारंभात इतरांची भाषणं चिमूटभर आणि उरलेला दीड तास एकटे हेडमास्तर. हा व्हिडिओ आता कोण बघणार, असा ब्रेकसाहेबांनी विचार केला. आपल्या माहितीतल्या सगळ्यांना तो दाखवून झालाय. काहींना दोनदा. डबीने विचारलं, कायमचं पुसायचं? विचारल्याशिवाय कुठलंही बटण दाबू नका असं साऱ्या शहराला बजावणाऱ्या माणसाने ‘हो’ दाबलं.

त्यानंतरची संध्याकाळ आणि तिच्यामागून आलेल्या बऱ्याच संध्याकाळी कशा गेल्या, हे त्यांना नीट सांगता येणार नाही. किटली सारखी पडत होती. खड्ड्यात पडत होती, काट्यांवर पडत होती, आणि चालत्या हातोड्यांनी तिचा पापड होत होता. पण प्रत्येक वेळी ‘टण्ण’ असा आवाज येई, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत ती कडेला जशीच्या तशी उभी. रिपोर्ट नाही, चौकशी नाही, कारणे दाखवा नोटीस नाही. उलट पडल्यावर हात थोडा शहाणा होई. काल जी उडी अशक्य वाटली ती आज अंगठा न विचारताच मारून मोकळा होई. ज्या माणसाची उभी हयात पडणं टाळण्यात गेली होती, त्याला पोटभर पडायला मिळालं. ऑफिसातही ते शीळ घालू लागले, तेव्हा साहेबाला काही आजार तर नाही ना, अशी कुजबुज झाली.

‘किटलीने उडी मारली की तुम्ही कोचावरून का उठता?’ बायकोने एकदा शांतपणे विचारलं.

‘मी कुठे उठतो,’ ब्रेकसाहेब हवेतून म्हणाले. खाली येताना त्यांच्या कोपराने टेबललॅम्प पाडला. तो मात्र परत कडेला उभा राहिला नाही.

आणि मग फोन आला. सासरेबुवा रविवारी येणार होते. सोबत त्यांच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर होते. गावाला असल्यामुळे त्या मास्तरांना सासरेबुवांचा निरोप समारंभ बघता आला नव्हता, ती रुखरुख दूर करायची होती. मोठ्या टीव्हीवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

बायकोला सांगावं म्हणून ब्रेकसाहेब तिच्याजवळ गेले, आणि ‘पंखा साफ करू का?’ असं विचारून परत आले.

रविवारी मंडळी आली. सासरेबुवा कोचावर मधोमध बसले आणि लावा म्हणाले. ब्रेकसाहेबांनी टीव्हीचा आवाज बिघडल्याचं सांगितलं. भाषण आपलंच आहे, पाठ आहे, तोंडाने म्हणेन, असं सासरेबुवांनी सांगितलं. मग ब्रेकसाहेबांनी विजेचा दाब कमी असल्याचं सांगितलं. तेवढ्यात सासरेबुवांनी समोरचा कंट्रोलर उचलला आणि त्यावरची दिसतील ती बटणं दाबली. (हेडमास्तरांना यंत्राची भीती नसते. यंत्राला त्यांची असते.)

पडदा उजळला. एका उंच फळीवर किटली उभी होती.

चित्रकलेच्या मास्तरांचा चष्मा घरी राहिला होता. ते डोळे बारीक करून पुढे झुकले आणि कौतुकाने म्हणाले, ‘हुबेहूब आलायत सर. जरा पोट सुटलंय, पण उभं राहण्याची ढब तीच.’

बायकोने नवऱ्याकडे बघितलं. डॉक्टरांचं अक्षर वाचणारी बाई ती, तिला नवऱ्याचा चेहरा वाचायला कितीसा वेळ लागणार.

‘जावईबापू, ही किटली कोण?’ सासरेबुवांनी विचारलं, आणि विचारता विचारता त्यांचा अंगठा दाबला गेला. किटली दोन पावलं चालली आणि खड्ड्यात गेली. टण्ण.

‘पडली,’ सासरेबुवा म्हणाले. मग किटली कडेला उभी राहिली. ‘परत आली?’

‘हो. कितीही वेळा येते.’

‘शिक्षा काही नाही?’

‘नाही.’

‘लगेच पुन्हा परीक्षा?’

‘लगेच.’

सासरेबुवा कोचावर जरा पुढे सरकले. पोरांना एका इयत्तेत दोन-दोन वर्षं बसवून ठेवण्यात त्यांची कारकीर्द गेली होती. ते हळूच म्हणाले, ‘हा मास्तर बरा आहे.’ आणि त्यांनी पुन्हा अंगठा दाबला.

पुढे जे घडलं त्याला आत्तापर्यंत त्या घरात तोड नव्हती. सासरेबुवांना पुढे जाणं जमे, पण उडी हमखास उशिरा होई. ब्रेकसाहेब दोनदा ‘आत्ता’ म्हणाले, तिसऱ्यांदा त्यांना राहवेना, आणि त्यांनी कंट्रोलरची उजवी बाजू धरली. डावा अंगठा सासऱ्याचा, उजवा जावयाचा. लग्नाच्या हॉलपासून टूथपेस्टपर्यंत कुठल्याही बाबतीत ज्यांचं कधी एकमत झालं नव्हतं, ते दोघे खांद्याला खांदा लावून एकाच किटलीला सांभाळत होते.

‘उडी मारा.’

‘बाबा, आधी कडेपर्यंत तर न्या.’

‘नेतोय. कडेपर्यंत न्यायला मी काय घाबरतो?’

टण्ण. टण्ण. मग एकदा टण्ण झालंच नाही. ज्या झुलत्या फळ्यांवर ब्रेकसाहेब एकटे कित्येक दिवस आपटत होते, त्या किटलीने एका दमात पार केल्या. कोचावर दोघंही एकदम उठले आणि एकदम बसले. चित्रकलेचे मास्तर टाळ्या वाजवत होते. भाषण रंगलंय अशी त्यांची अजूनही समजूत असावी.

शेवटी एक दार उघडलं आणि आत घराएवढा मोठा घण उभा होता. त्याला बघूनच कळत होतं की आता याला फोडलं की खेळ जिंकला. तेवढ्यात सासरेबुवांनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं, ‘माझा समारंभ तुम्ही पुसलात ना?’

ब्रेकसाहेबांचा अंगठा गोठला. घण खाली आला आणि किटलीचा पापड झाला.

‘हो,’ ब्रेकसाहेब म्हणाले. ‘हिला जागा पुरेना म्हणून.’

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. किटली पुन्हा उभी राहिली. सासरेबुवांनी तिला शांतपणे घणाच्या दिशेने नेलं.

‘बरं झालं,’ ते म्हणाले. ‘शेवटी कॅमेरा मुलांवर जातो. सगळी झोपलेली आहेत. दर वेळी लावताना वाटायचं, या खेपेला तरी एखादं जागं असेल.’ मग जरा थांबून म्हणाले, ‘उडी.’

ब्रेकसाहेबांनी उडी मारली. अशी उडी त्यांच्या हातून पूर्वी कधी झाली नव्हती. किटली घणाच्या डोक्यावर गेली, तिथून वाफेवर आणखी वर गेली, आणि वरून पूर्ण वजनानिशी आदळली. घणाला तडा गेला. घण पुन्हा उठला, किटली पुन्हा आदळली. घणाची शकलं झाली आणि पडदाभर दारूकाम उडालं.

सासरेबुवांनी जावयाला मिठी मारली. लग्नात मारायची राहिली होती, तीही त्यातच उरकून घेतली. चित्रकलेच्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. बायकोने दोघांच्याही पाठीवर थाप दिली. ब्रेकसाहेब कोचावर उभे राहून दोन्ही हात वर करून पंख्याखाली वाकले होते, आणि आपण आयुष्यात काहीतरी पुरं केलं असं त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाटत होतं. खालच्या मजल्यावरचे लोक आवाज कसला म्हणून विचारायला वर आले. त्यांनाही त्यांनी सांगितलं, ‘खेळ जिंकला. अख्खा.’

दारूकाम विझलं. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. ब्रेकसाहेब सगळ्यांना म्हणाले, वाचा, मोठ्याने वाचा. बायको टीव्हीजवळ होती, तिने वाचलं.

‘शाब्बास. सराव इथे संपला. आता खेळ सुरू करायचा का?’

खालचे लोक सभ्यपणे खाली गेले. ब्रेकसाहेब कोचावरून हळूहळू उतरले. सासरेबुवांनी मात्र बाह्या सरसावल्या, कंट्रोलर जावयाच्या हातून अलगद काढून घेतला आणि चित्रकलेच्या मास्तरांना आपल्या उजव्या बाजूला बसायची खूण केली.

‘सरावापुरतं ठीक होतं, जावईबापू,’ ते प्रेमाने म्हणाले. ‘आता तुम्ही पंखा साफ करा.’