कडीच्या डब्यातला रस्सा

रमाला प्रेमलाबाईंचा राग आला तो संक्रांतीला, आणि गणपती आले तरी उतरला नव्हता. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी रमाच्या गोळाभाताचं तोंड भरून कौतुक केलं, तेव्हा शेजारच्या प्रेमलाबाई पदर सावरत म्हणाल्या, "मीच तर शिकवला तिले!" झालं. वर्ध्याला रमाच्या आईनं हे ऐकलं असतं, तर लाटणं घेऊन ती पहिल्या गाडीनं भिलाईला आली असती.

तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. पण त्यात एक पंचाईत होती. प्रेमलाबाईंचा पितळी कडीचा डबा रमाकडे अडकला होता आणि रमाचा मोठा गंज, म्हणजे उभट पातेलं, प्रेमलाबाईंकडे. शेजारणीचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, ही दोघींच्याही माहेरची शिकवण. भरून द्यायला मन होत नव्हतं आणि रिकामं द्यायला हात धजत नव्हता. म्हणून भांडी एकमेकींच्या फळीवर पडून होती.

अशात भैय्याजींनी 'चवीचा सवाल' काढला. भैय्याजी म्हणजे मराठी मंडळाचे सेक्रेटरी. भिलाईच्या पोलाद कारखान्यात नवी भट्टी पेटायला वर्ष लागे, त्यांच्या डोक्यात दर गणपतीला एक पेटायची. पाच संध्याकाळी पाच नामवंत पाहुणे स्टेजवर बसणार, बायांनी आणलेले पदार्थ चाखणार, आवडेल त्या पदार्थावरच्या प्रश्नांची माईकवर उत्तरं देणार आणि शेवटी तो करणारीचं नाव जाहीर होणार. पक्षपात नको म्हणून कुणी काय आणलं ते गुपित. "नाव कसं कळंल मग?" कुणीतरी विचारलं. भैय्याजी हसले. "भांडं उलटं करायचं! बुडाले नाव असतेच की." ते खरंच होतं. सगळी क्वार्टरं सारखी, भांडीही सारखी, म्हणून प्रत्येकीनं बुडाशी नाव कोरून घेतलं होतं.

पहिल्या दिवशीचे पाहुणे होते नागपूरच्या रेडिओवर गाणारे बळीरामबुवा. आधी सवाल, मग त्यांचं गायन.

आपलं नाव मांडवाच्या भोंग्यावरून साऱ्या सेक्टरनं ऐकावं आणि प्रेमलाबाईंनी पहिल्या रांगेत बसून ऐकावं, एवढंच रमाला हवं होतं. तिनं पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा करायला घेतला. तीळ भाजले, खसखस भाजली, खोबरं भाजलं. मिरच्या वाटताना मात्र तिला प्रेमलाबाई आठवल्या, त्यामुळं मिरच्या जरा जास्तच पडल्या. थोडा रस्सा घरासाठी काढून उरलेला तिनं स्वतःचं नाव कोरलेल्या पातेल्यात ठेवला आणि नवऱ्याला बजावलं, "ड्यूटीवरून आल्याबरोबर घेऊन या. मले पुढं जाऊन जागा धराची हाये."

तिचा नवरा देवानंद कारखान्याच्या स्टोअरमधला क्लार्क. पातेलं सायकलला कुठंच बसेना. कॅरिअरवर ठेवलं तर कलंडायचं, हँडलला अडकवायला त्याला कडी नव्हती. तेवढ्यात त्याला फळीवरचा कडीचा डबा दिसला. घट्ट झाकणाचा, हँडलला अडकवता येण्यासारखा. आपल्या बायकोला आपलं किती कौतुक वाटेल या विचारानं त्यानं रस्सा त्यात ओतला आणि शीळ घालत निघाला.

मांडव खचाखच भरला होता. बुवांच्या गाण्यासाठी नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणीवरूनही ट्रक भरून लोक आले होते. बुवांनी इतर पदार्थांना बोट लावलं आणि रस्स्यापाशी थांबले.

"बुवा, यात वाटण कशाचं?" भैय्याजींनी माईकवर विचारलं.

"एक वाटी घेतल्याशिवाय कसं सांगू?" वाटी रिकामी झाली. "तीळ."

"आणखी?"

दुसरी वाटी रिकामी झाली. "खसखस."

एकेका उत्तराला एकेक वाटी, असं करत बुवांनी डब्याचा तळ गाठला. घाम पुसत म्हणाले, "असा रस्सा जन्मात खाल्ला नाही! नाव सांगा त्या माऊलीचं!"

भैय्याजींनी डबा वर उचलला. तो पाहताच रमा जागेवरून अर्धी उठली.

"सौभाग्यवती प्रेमलाबाई!" भोंगा गरजला.

प्रेमलाबाई क्षणभर दचकल्या. मग उठल्या, स्टेजवर गेल्या, नारळ घेतला आणि लाजल्यासुद्धा!

रमाचा ताबा सुटला. ती तरातरा स्टेजवर चढली. "डबा तिचा हाये, रस्सा माया हाये!"

"माया डबा तुया घरी काय करून राहिला होता मग?" माईक चालूच होता.

"तुमीच धाडला होता, संक्रांतीच्या आधी!"

"मग परत कावून नाही दिला?"

"रिकामा देऊ का? अन् माया गंज कुठं हाये?"

भांडण साऱ्या सेक्टरला घरबसल्या ऐकू जात होतं. भैय्याजींनी कशीबशी पेटी पुढं सरकवली आणि गायन सुरू करा म्हणून बुवांना हात जोडले. पेटीनं सूर दिला. बुवांनी तोंड उघडलं, आणि आतून नुसती हवा आली.

पुन्हा सूर. पुन्हा हवा. घसा पार बसला होता.

"किसने खिलाया इनको ये?" खाणीवरचे लोक उठून उभे राहिले. "किसका रस्सा है?"

प्रेमलाबाईंनी नारळ झटकन रमाच्या हातात कोंबला. "घे बाई, तुयाच हाये. मी कवा म्हटलं माया म्हणून?"

भैय्याजींनी माईक धरला. "शांत राहा! बुवांचा आवाज बसल्यामुळं गायन रद्द. रस्सा सौभाग्यवती रमा देवानंद यांनी केला होता. मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही!" कुणाला कळलं नसेल म्हणून तेच त्यांनी हिंदीतही सांगितलं. 'चवीचा सवाल' तिथंच संपला. उरलेल्या चार संध्याकाळी नुसतं भजन झालं.

रमा घरी आली ती धुमसतच. सकाळी देवानंद भीत भीत म्हणाला, "नाव तर आलं ना भोंग्यावरून. दोन भाषेत आलं." त्यावर रमानं कपबशी अशी आदळली, की तो चहा न पिताच ड्यूटीवर गेला.

तो गेला आणि दार वाजलं. दारात प्रेमलाबाई उभ्या. हातात रमाचा गंज, आणि गंज रिकामा!

"बुवा आमच्याकडेच उतरले हायेत," त्या खाली बघत म्हणाल्या. "रातभर हळदीचं दूध पाजलं. आवाज नाही आला. पण उठल्यापासून खुणा करून राहिले. रस्सा उरला का म्हणतेत."

"तुमीच शिकवला ना मले?" रमा दारातून हलली नाही. "मग करा की घरी!"

"मले नाही येत," प्रेमलाबाई पुटपुटल्या.

"काय म्हटलं?"

"मले नाही येत!" प्रेमलाबाई ओरडल्या. समोरच्या क्वार्टरची खिडकी उघडली.

रमानं गंज घेतला, घरासाठी ठेवलेला सगळा रस्सा त्यात ओतला आणि आणून दिला.

प्रेमलाबाई दोन पावलं जाऊन थांबल्या. "अन् माया कडीचा डबा?"

"रिकामा कसा देऊ?" रमा म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.