वकीलबाईंनी दार वाजवलं

"मालिका बघावी लागत नाही, ओळखावी लागते!" हे रिमोटरावांचं आवडतं वाक्य. वर्तमानपत्रात दर शुक्रवारी टीव्हीचं अख्खं पान त्यांच्या नावाने निघायचं. कोणती मालिका गाजली, कोणती आपटली, कोणाला डच्चू मिळाला, कोणाची वेळ बदलली, सगळं त्या एका पानावर. नऊ वर्षं! कचेरीत त्यांना रिमोटराव हे नाव पडलं ते त्यामुळेच. आता हा माणूस शीर्षकगीत संपायच्या आत सोफ्यावर घोरायला लागतो, हे कोणाला सांगून खरं वाटलं असतं का?

बघण्याचं खातं होतं सासूबाईंकडे. त्या मुलीजवळच राहायच्या आणि ताप असला तरी भाग चुकवायच्या नाहीत. सकाळी चहाच्या टेबलावर त्या कालच्या भागाची साग्रसंगीत हकिगत सांगायच्या, जावईबापू वहीत टिपून घ्यायचे. मग वरून "अभिनयाची उंची", "पटकथेतले कच्चे दुवे" असे चार जड शब्द भुरभुरले की समीक्षा तयार! लोक म्हणायचे, काय बारीक नजर आहे या माणसाची.

गेल्या महिन्यात मात्र या नजरेने घात केला. एका मालिकेबद्दल सासूबाई "आजोबा गेले" म्हणाल्या ते गावाला. रिमोटरावांनी पुढचं ऐकून न घेता त्यांना छापून स्वर्गात धाडलं. आजोबांचं काम करणारे नट दुसऱ्या दिवशी स्वतः कचेरीत येऊन उभे राहिले, चांगले धडधाकट! संपादकांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं आणि रिमोटरावांना सुनावलं, "आणखी एक चूक, आणि हे पान तुमचं नाही." पान गेलं तर रिमोटरावांकडे उरणार काय? त्या पानावाचून त्यांना शेजारीही विचारत नव्हते. तेव्हापासून ते ताकही फुंकून पीत होते.

म्हणूनच या गुरुवारी त्यांनी नीट खोदून विचारलं. विषय होता हिरव्या वाहिनीवरची वकीलबाईंची मालिका.

"काय सांगू जावईबापू!" सासूबाई मटार सोलता सोलता म्हणाल्या. "वकीलबाई धापा टाकत जिना चढली. दार धडाधडा वाजवलं. आणि दार उघडलं, तर डॉक्टर! हाताला हे एवढं बँडेज!"

"मग?"

"मग काय, डोळ्यांत पाणी!"

"नक्की? कोणी मेलं वगैरे नाही ना?"

"अहो नाही! सगळे जिवंत आहेत."

रिमोटरावांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि झकास लेख हाणला. मथळा दिला, "दार उघडलं, मालिका जिवंत झाली!" वर असंही लिहिलं, की वकीलबाई आणि डॉक्टर यांना समोरासमोर आणण्याचं धाडस करणाऱ्याला मुजरा केला पाहिजे.

शुक्रवारी सकाळी दहाला संपादकांचा फोन आला. "निघा. आहात तसे निघा!"

"काय झालं साहेब?"

"हिरव्या वाहिनीचे साहेब आलेत. लाल वाहिनीच्या बाईही आल्यात. माझ्या केबिनमध्ये, एकाच सोफ्यावर बसलेत!"

फोन बंद झाला. एकमेकांची तोंडं न बघणारी ही दोन माणसं एका सोफ्यावर? आणि लाल वाहिनीचा इथे संबंध काय? रिमोटराव स्वतःशीच पुटपुटले, पण सासूबाईंचे कान तिखट.

"संबंध कसा नाही? डॉक्टर लाल वाहिनीवरचा ना!"

"काय? तो वकीलबाईंच्या मालिकेत नाही?"

"अहो, दोन वेगळ्या मालिका त्या! हिरवीवर जाहिराती लागल्या की मी लालवर जाते. आता दोन्ही आठलाच असतात. वेळ बदलल्याचं तुम्हीच तर छापलंत मागच्या शुक्रवारी! वाचत नाही का तुम्ही स्वतःचं?"

दार वाजलं होतं एका वाहिनीवर आणि उघडलं होतं दुसऱ्याच वाहिनीवर! कचेरीपर्यंतच्या वाटेत रिमोटरावांनी माफीची भाषणं मनात सतरा वेळा घोकली. केबिनबाहेरच्या बाकावर एक बाई छातीशी फाइल धरून डोळे पुसत होती. आत संपादकांनी नुसतं खुर्चीकडे बोट दाखवलं.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" हिरवे साहेब गुरकावले.

"माझीच चूक आहे साहेब, मी..."

"चूक कसली? नाव सांगा!" लाल बाई म्हणाल्या. "अजून कोणाकोणाला माहीत आहे?"

"आमच्या घरात फक्त दोघांना."

"घरात?" साहेब ताडकन उठले. "सोमवारी आमच्या दोन्ही वाहिन्या एक होणार आहेत! सह्या व्हायच्यात अजून! आणि एक झाल्यावरचा पहिलाच प्रसंग काय, तर वकीलबाई दार वाजवते आणि डॉक्टर उघडतो. हे फक्त पाच जणांना माहीत होतं, आणि तुम्ही पेपरात छापून मोकळे!"

संपादकांची छाती इंचाइंचाने फुगायला लागली. "आमच्या माणसाची सूत्रं असतात," ते म्हणाले. "वर्षाची सर्वात मोठी बातमी आहे ही! आम्ही नावं फोडत नसतो."

पान हातातून जाता जाता वाचलं होतं! नुसतं गप्प बसायचं होतं. रिमोटरावांनी चेहरा जमेल तितका गूढ केला.

"नाव नका सांगू," लाल बाई थंडपणे म्हणाल्या. "प्रसंग लिहिणारी लेखिका बाहेर बसलीय. तिनेच फोडलं असणार. सकाळीच काढलंय तिला."

रिमोटरावांनी काचेतून बाहेर पाहिलं. फाइलवाली बाई अजून डोळे पुसत होती. त्यांनी मान वळवली. परत पाहिलं.

"तिचा काही संबंध नाही!" ते एकदम ओरडले. "मी मालिका बघतच नाही! सासूबाई बघतात!"

कोणाचाच विश्वास बसेना. शेवटी संपादकांनी घरी फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"हो, मीच सांगते त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "वाहिनीचे साहेब आहेत का तिथे? बरं झालं! तुमच्या जाहिराती सात मिनिटं चालतात हो! तेवढ्यात लालवरचा डॉक्टर एक ऑपरेशन उरकतो. आणि त्या लाल बाईंना सांगा, डॉक्टरच्या बँडेजचा हात रोज बदलतो. परवा डावा होता!"

दोन्ही वाहिन्यांनी माना खाली घातल्या. लाल बाईंनी तर चक्क वही काढली. मग हिरवे साहेब बाहेर गेले आणि लेखिकेला हात जोडून परत कामावर बोलावलं. रिमोटरावांना हायसं वाटलं.

संपादक मात्र त्यांच्याकडे एकटक बघत होते.

"म्हणजे बघायच्या त्या, सांगायच्या त्या. मग नऊ वर्षं तुम्ही काय करत होतात?"

रिमोटरावांनी घसा खाकरला. "शुद्धलेखन तपासायचो, साहेब."

टेबलावरचा फोन अजून चालूच होता.

"काहीतरीच काय जावईबापू!" सासूबाईंचा आवाज आला. "तेही माझी लेक तपासते!"