चार भाषांतला एक त्रिकोण

म्हेत्रे सर गणित चार भाषांत शिकवतात आणि त्यातल्या तीन त्यांना येत नाहीत.

मी फेकत नाहीये. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते, दुसरंच वर्ष आहे माझं, आणि माझ्या आणि सरांच्या वर्गात नुसती एक पातळ भिंत आहे. मी इकडं पेशी शिकवत असते आणि भिंतीपलीकडून तेलुगूतून त्रिकोण येत असतो.

आधी शाळा सांगते, म्हणजे कळेल. सोलापुरातली मोठी शाळा, एकेका इयत्तेला सात तुकड्या. अ मध्ये कोण असतं ते सांगायला नको. आणि ग मध्ये कोण, तर जे आधीच्या सहांमध्ये मावले नाहीत ते. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडं दख्खनी, आणि पुस्तक सगळ्यांना मराठी. नववी ग चं गणित म्हेत्रे सरांकडं. त्यांनी मागून घेतलंय, कुणी गळ्यात मारलेलं नाही. स्टाफरूममध्ये याच्यावर अजून कुणाचा विश्वास बसत नाही.

सर आधी फळ्यावर स्वतः शिकवतात. त्यांच्या मराठीत, म्हणजे सांगोल्याकडच्या. "ह्यो कोन हितं, त्यो कोन तितं. आता तिसरा पळून पळून कुटं जाईल?" मग खडू एखाद्या पोराच्या हातात देतात. "लई भारी. आता ह्येच घरच्या बोलीत सांग." आणि आपण जाऊन शेवटच्या बाकावर बसतात. सर सहा फुटी, बाक पोरांच्या मापाचा, त्यामुळे गुडघे पार हनुवटीशी. पुढं एक पोरगं तेलुगूत सांगतं, मग दुसरी कन्नडमध्ये, मग तिसरा दख्खनीत, आणि सर प्रत्येकाला "व्हय व्हय" करत मान डोलावतात. कळत काहीच नाही. मान मात्र अशी डोलते, की जन्म तिकडंच गेलाय.

आता हे कळायला श्रीनिवासला किती वेळ लागणार? एक दिवस त्यानं फळ्याकडं तोंड करून, हात वगैरे हलवत, अगदी गंभीरपणे, मामाच्या लग्नाचं जेवण तेलुगूत सांगितलं. तेलुगू पोरं ओठ चावून बसलेली. सर म्हणाले, "लई भारी. इम्तियाज, आता श्रीनिवासनं जे सांगितलं त्येच तुज्या बोलीत सांग." इम्तियाज श्रीनिवासच्याच गल्लीतला, त्याला तेलुगू चांगली कळते आणि खोटं अजिबात बोलता येत नाही. तो उभा राहिला, कानामागं खाजवलं आणि म्हणाला, "सर, इने बोल रा की शादी में पनीर कम पड्या."

इतका हशा झाला की मी पेशी सोडून दारात आले. वाटलं, आता श्रीनिवासचं काही खरं नाही. सरांना बाकातून सुटायला थोडा वेळ लागला, मग ते फळ्यापाशी गेले आणि विचारलं, "पाव्हनं किती हुतं रं? आन् पनीर किती आनलं हुतं? मांड गणित. पुडच्या लग्नाला कमी पडाय नगं." त्या दिवशी अख्ख्या ग ला गुणोत्तर प्रमाण आलं. मामाच्या अब्रूचा प्रश्न होता ना.

स्टाफरूममध्ये मी एकदा विचारलं, हे डोक्यात आलं कुठून. सर भाकरीवर शेंगाची चटणी घेत म्हणाले, "आमच्या घरी मेंढरं. हरेकाची हाळी येगळी. दुसऱ्याची हाळी दिली तर ढुंकून बघत न्हाईत."

मी म्हटलं, "सर, पोरांना मेंढरं म्हणताय?"

"न्हाय ओ मॅडम. मेंढरं लई हुशार."

पण आमच्या मोठ्या बाईंना हे सगळं म्हणजे गोंधळ वाटायचा. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि त्यांचा चांगल्या वर्गाचा अर्थ एकच, बाहेरून जाताना पंख्याचा आवाज ऐकू आला पाहिजे. यंदा त्यांनी सरांना सरळ सांगितलं, "तपासणी होऊ दे, मग दहावी ग चं गणित कुणाला द्यायचं ते बघते." सरांची शेवटची दोन वर्षं राहिलीत. मुलगा म्हणतो, कायमचे बंगळुरूला या. बायको गेल्यापासून सर घरी एकटेच असतात. मी म्हटलं, दहावी नाही दिली तर नाही, मुदतीआधी निवृत्ती घ्या आणि निवांत जा मुलाकडं. तर सर म्हणाले, "ही पोरं एकदा नापास झाली की परत बसत न्हाईत ओ. सरळ चिंचोळीच्या कारखान्यांत कामाला जात्यात. यंदा कुटं बोलाय लागल्यात."

तपासणीच्या दिवशी मोठ्या बाईंनी काय करावं? अ मधली हुशार पोरं उचलून ग च्या वर्गात बसवली. आणि ग ची पोरं मला देऊन म्हणाल्या, "यांना मागं सायकल स्टँडमध्ये घेऊन बस. आवाज नको."

आम्ही पत्र्याखाली बसलो. फेब्रुवारी संपत आलेला, पत्रा तापलेला. पोरं काही विचारत नव्हती, तेच जास्त लागत होतं. तेवढ्यात सर आले, खिशात खडू घेऊन.

मी म्हटलं, "सर, तुम्ही वर्गात पाहिजे. तपासणीचे साहेब येतील."

"माजा वर्ग हितं हाय की," सर म्हणाले, आणि स्टँडच्या काळ्या पत्र्यावर त्रिकोण काढला. "तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशीच का? भाग्यश्री, घरच्या बोलीत." भाग्यश्री अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. जूनमध्ये हजेरीला सुद्धा हात वर करायची, तोंडानं बोलायची नाही. ती उठली. मग श्रीनिवासनं तिला तेलुगूत अडवलं, इम्तियाजनं दोघांना दख्खनीत झापलं, आणि आवाज नको वगैरे सगळं हवेत गेलं.

आता गंमत बघा. शाळेसमोरचा रस्ता खणलेला. त्यामुळे साहेबांची गाडी आली मागच्या गेटनं, थेट सायकल स्टँडपाशी.

साहेब उतरले आणि उभे राहून ऐकायला लागले. थोड्या वेळानं त्यांनी सरांना विचारलं, "तुम्हाला कन्नड येतं?"

"न्हाय, साहेब."

"मग ती बरोबर सांगतेय हे कसं कळतं?"

"ऐकनाऱ्यांच्या तोंडाकडं बघतो. एकाचं बी कपाळ आकसलं की थांबवतो."

साहेबांनी भाग्यश्रीला तेच मराठीत विचारलं. ती अडखळली, एकदा मागं गेली, पण शिरोबिंदूतून समांतर रेषा काढून तिनं कोन न् कोन जागेवर बसवला. साहेब पुढं ग च्या वर्गात गेले, तिथं अ ची पोरं हाताची घडी घालून. साहेबांनी विचारलं, "तुम्ही ग ना?" मॉनिटर फार गुणी मुलगा. तो उभा राहून म्हणाला, "हो सर, आजच्यापुरते."

मोठ्या बाईंच्या ऑफिसात नंतर काय झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं आणि पंख्याचा आवाज छान ऐकू येत होता. पण आठवड्याभरात पुढच्या वर्षीचं वेळापत्रक लागलं. दहावी ग, गणित, म्हेत्रे. मोठ्या बाई सरांना एवढंच म्हणाल्या, "दार लावून घेत जा." आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवशी त्या ग च्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या.

मी मधल्या सुट्टीत सरांचं अभिनंदन करायला पळत गेले. वर्ग रिकामा. सर आणि भाग्यश्री एका बाकावर, समोर डस्टरला टेकवलेला मोबाईल, आणि त्यात एक चार वर्षांची चिमुरडी. सरांची नात. सून तिकडचीच, त्यामुळे पोरगी कन्नड आणि इंग्रजी धाडधाड बोलते, मराठी येत नाही. सर तिला सांगत होते की आता यंदा कायमचं यायला जमणार नाही. म्हणजे सर मराठीत सांगत होते आणि भाग्यश्री ते कन्नडमध्ये.

नात काहीतरी बोलली. भाग्यश्रीनं सरांकडं बघितलं.

"काय म्हनती?" सरांनी विचारलं.

"सर, ती विचारतीया, आजोबा फोनमध्येच राहतात का."

सर हसले. मग चष्मा काढून पुसत बसले, पुसतच बसले. "सांग तिला," ते म्हणाले, "मे म्हयन्यात येतोय. म्हयनाभर ऱ्हातोय."

भाग्यश्रीनं सांगितलं. पोरगी स्क्रीनच्या इतकी जवळ आली की नुसतं नाक आणि दात दिसायला लागले, आणि तिनं एका दमात लांबलचक काहीतरी सांगितलं. भाग्यश्रीनं मराठीत सांगायला तोंड उघडलं.

सरांनी तिच्याकडं न बघताच हात वर केला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "बोलू दे तिला."