एक बटण कमी

दत्ता बिरादारच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर चारच बटणं दिसतात. बाकीच्यांवर त्याने औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी लावली आहे. चालू-बंद, आवाज कमी, आवाज जास्त आणि पुढचा चॅनेल. मागचा चॅनेल नाही. पुढे पुढे जात राहिलं की मागचा फिरून येतोच, असं त्याचं म्हणणं. वॉशिंग मशीनचं तोंडही त्याने असंच बांधलं आहे, त्यामुळे त्याच्याकडे सगळे कपडे एकाच पद्धतीने धुतले जातात. आमच्या बरकतपुऱ्यातल्या इमारतीत लिफ्ट बसली तेव्हा लोकांनी पेढे वाटले. दत्ता आत शिरला, बटणं पाहिली आणि बाहेर येऊन म्हणाला, "पंख्याला बटण कायकू दिलं? कोन बंद करतंय पंखा?"

त्याचा धंदाही बटणांचाच. वेबसाइटला दोन बाजू असतात. एक जगाला दिसते. दुसरी आतली, तिथे बसून साइट चालवणारे लोक मजकूर लिहितात, फोटो चढवतात, चुका पुसतात. या आतल्या बाजूला ॲडमिन पॅनेल म्हणतात. त्याला जोडायचे लहान लहान भाग, म्हणजे प्लगइन, कुकटपल्लीतल्या एका कंपनीत बसून दत्ता तयार करतो. त्यातही पडद्यावर जे दिसतं आणि हाताला लागतं, तेवढंच त्याचं काम. गिऱ्हाइकं अमेरिकेतली. कोणी कुत्र्यांचे पट्टे विकतं, कोणी दात काढतं. प्रत्येकाला मागच्यापेक्षा जास्त बटणं हवी असतात. दत्ता ती देतो आणि संध्याकाळी जिन्यात भेटला की हळहळतो.

"ताई, आज एका दाताच्या डॉक्टरला अकरा बटणं दिली. बिचारा."

मी इंग्रजी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते आणि दत्ताच्या वरच्या मजल्यावर राहते. दत्ताचं लग्न झालेलं नाही. घरात तो आणि त्याचे वडील, अण्णा. बिरादार मूळ उदगीरकडचे शेतकरी. अण्णा इथल्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि आमच्या मराठी मंडळाचा फळा लिहू लागले.

हा फळा मंडळाच्या दर्शनी भिंतीवर होता. व्याख्यान, भजन, ग्रंथालयाची सुट्टी, कोणाचं निधन, सगळं अण्णांच्या हातचं. भाषा ठरलेली: यावे, आणावे, बसावे. लिहून झालं की ते घरी जात नसत. समोरच्या पानाच्या दुकानापाशी उभे राहून कोण वाचतं ते पाहत. काचीगुड्याकडे निघालेला एखादा तेलुगू माणूसही थांबला, तर त्या दिवशी त्यांना दोन घास जास्त जात.

मग मंडळाने ती दर्शनी बाजू मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिली. फळा निघाला. चिटणीस वैद्य म्हणाले, "यापुढे सगळ्या नोटिसा वेबसाइटवर." वैद्य पुण्याहून आलेले, हायटेक सिटीत प्रोजेक्ट मॅनेजर. बैठकीला अण्णा होते. त्यांनी एवढंच विचारलं, "मग मी येऊ नको का?"

दत्ता म्हणाला, "या की. फळा हाय. आत गेलाय नुसता."

साइट तयार पॅकेजवर उभी राहिली. तिचं पॅनेल उघडलं की डाव्या बाजूला बटणांची रांग उतरायची. दर रविवारी सकाळी दत्ता अण्णांना त्यापुढे बसवी आणि स्वतः मागे उभा राही. बोलायचं नाही हा नियम. "शिकवावं लागलं म्हणजे बटण चुकलं," हे त्याचं आवडतं वाक्य. अण्णांचा हात जिथे अडकेल तिथलं काहीतरी पुढच्या रविवारी गेलेलं असे.

वैद्यांना हे मागासलेलं वाटे. "अहो बिरादार, व्हिजिटर काउंटर टाका, फोटो गॅलरी टाका, हलणारी अक्षरं टाका. लोक फीचर्स मोजतात!"

"हौ साहेब, टाकतो. तुमच्या पॅनेलात टाकतो. अण्णांच्यात नक्को."

त्याने तसंच केलं. वैद्यांच्या नावाने आत शिरलं की सगळी बटणं दिसत. एकदा गॅलरीत त्यांच्या गाडीच्या विम्याचा कागदही झळकला. अण्णांच्या नावाने शिरलं की काळा पडदा आणि खडूसारखी पांढरी अक्षरं. वर तारीख आणि विषय निवडायची जागा, खाली 'फळ्यावर लिहा' आणि 'पुसा'.

फळा पुन्हा सुरू झाला. उभं राहायला पानाचं दुकान नव्हतं, म्हणून अण्णा जिन्यात भेटेल त्याला विचारत, "वाचलं काय?" वाचलं म्हटलं की समाधानाने बाजूला होत.

आता दत्ताने हात आवरायला हरकत नव्हती. पण तो कमी करतच राहिला. आधी तारीख निवडायची जागा गेली. मग विषय निवडायची. मग 'पुसा' गेलं.

"चालतंय ना सगळं?" मी विचारलं. "मग कशाला हात लावतोस?"

"अण्णांचा हात अडकला, ताई."

इतके दिवस न अडकणारा हात आता का अडकतो, ते त्याने सांगितलं नाही. इमारतीत सगळ्यांनी ही दत्ताची खोड समजून हसून सोडून दिलं.

ऐन मे महिन्यात फळ्यावर सूचना आली. "उद्या सायंकाळी सहा वाजता मंडळात हळदीकुंकू. सौ. कमलाबाई बिरादार यांजकडून तिळगूळ. महिलांनी यावे."

मलकपेठेतल्या काही जणी नव्याने सभासद झाल्या होत्या. त्या ऑटो करून, नटूनथटून आल्या आणि कुलूप पाहून परत गेल्या. जुन्या सभासदांपैकी कोणी आलं नाही. कमलाबाई म्हणजे अण्णांची बायको. दत्ता शाळेत असतानाच ती वारली होती.

वैद्यांनी बैठक बोलावली. "माझ्या मनात अण्णांबद्दल काही नाही," ते म्हणाले, "पण मंडळाच्या नावाने असं आमंत्रण जाऊन चालणार नाही. त्यांचा पासवर्ड काढून घ्या."

दत्ता टेबलाकडे पाहत बोलला. "डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. ते एक विसरायचे, मी एक काढायचो. आता एकच राहिलंय. तेबी काढलं तर सकाळी उठून अण्णा काय करतील, सांगा."

वैद्यांनी डायरी मिटली. पण निर्णय घ्यावाच लागला. साइटवरच्या सूचना यापुढे वैद्य टाकतील असं ठरलं. अण्णांना कोणी काही सांगायचं नाही, हेही ठरलं.

दत्ताने रजा घेतली आणि घरात बसून आणखी एक प्लगइन लिहिला. अण्णांचं पॅनेल होतं तसंच राहिलं. ते लिहितात, बटण दाबतात, आणि फळा त्यांना दिसतो. फरक इतकाच की मंडळाच्या साइटवर तो कुणालाच दिसत नाही. ज्यांची नावं दत्ताने आत घातली आहेत, त्यांनाच तो उघडतो. आधी दत्ता आणि मी. मग एका संध्याकाळी वैद्य दत्ताच्या दारात उभे राहिले. "मलाही घ्या त्यात. नाहीतर कोणी वाचत नाही हे त्यांना दोन दिवसांत कळेल."

वैद्य वाचतात. परवा फाटकाशी त्यांनी अण्णांना नमस्कार केला. "वाचलं, अण्णा. रविवारी भजनाला येतो."

"वेळेवर या," अण्णा म्हणाले. "मागल्या बारीला तुम्ही आरतीला आलते."

मागल्या बारीला भजन झालंच नव्हतं. वैद्य म्हणाले, "चुकलं. या वेळी लवकर येतो."

दत्ताने अलीकडे त्यात भर घातली आहे. सूचनेखाली वाचणाऱ्याला शंका विचारता येते. ती अण्णांच्या पडद्यावर आपोआप येते. त्यांनी खाली लिहायचं आणि तेच बटण दाबायचं. ही कल्पना वैद्यांची असणार असं मला वाटलं होतं. विचारलं तर वैद्य नाही म्हणाले.

काल कामावर निघण्याआधी मी फळा उघडला. हळदीकुंकवाची सूचना पुन्हा आली होती. वेळ सहाचीच, तिळगूळ कमलाबाईंकडूनच. खाली एक शंका होती.

"लहान मुलांना आणलं तर चालेल का? – दत्ता बिरादार."

त्याखाली अण्णांचं उत्तर.

"आणावे. मुलांनी गडबड करू नये. आईजवळ बसावे."