सावळ्या बाहुलीची मागणी

खेळण्यांच्या दुकानवाल्या वहिनी एकदा बोलल्या की ती काळ्या दगडावरची रेघ. "या खेपेला सावळ्या बाहुल्यांचा अख्खा खोका येणार," त्यांनी कंपनीच्या सेल्समनला बजावलं.

"वहिनी, त्यांना मागणीच नाही. दर खोक्यात कंपनी एक सावळी देते, तीही तुमच्या काचेत पडून असते."

"पडून नाही, पुढचा खोका येईपर्यंत आम्ही ती विकतच नाही. विकली तर काचेत काय ठेवू? गिऱ्हाईक तीच मागतं आणि नाइलाजानं गोरी घेऊन जातं."

खरं दुखणं वेगळंच होतं. वहिनींची लेक सावळी. शाळेतून आली की काचेपाशी उभी राहून विचारायची, "आई, आपल्या रंगाची एकच असते का गं?" ते वहिनींच्या जिव्हारी लागायचं.

मागणी नाही? मग आपण करू! वहिनींनी जाऊ, नणंद, मावशी, सगळ्यांना कंपनीला फोन करायला बसवलं. "सावळी बाहुली मागायची, जास्तीचं बोलायचं नाही." सासूबाईंचा उत्साह तर उतू चालला होता. त्या तर दार लावून फोनवर बोलल्या.

महिन्याभरात सेल्समन खोका घेऊन आला. लेकीनं पहिली बाहुली उघडली, तर सोबत इवलीशी ट्यूब.

"आई, हिला बरं नाही का? औषध दिलंय."

वहिनींनी ट्यूब वाचली. बाहुली उजळवायचं क्रीम, मोफत. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हा शहाणपणा कुणाचा?"

"गिऱ्हाइकाचाच," सेल्समन म्हणाला. "एका आजींचा फोन होता. पोर गोड आहे, जरा उजळली तर सोन्याहून पिवळं, म्हणाल्या."

वहिनींनी मागे पाहिलं. सासूबाई चष्मा पुसू लागल्या. "अगं, विकायला बरं पडेल वाटलं."

वहिनींनी तिथेच फतकल मारली, एकूण एक ट्यूब काढून सेल्समनच्या पिशवीत कोंबली. "माझ्या लेकीला काही झालेलं नाही, बाहुलीलाही नाही. न्या परत. बाहुल्या खपल्या नाहीत तर राहतील दुकानात, पण जातील त्या अशाच जातील." मग सगळ्या सावळ्या बाहुल्या काचेत ओळीनं बसल्या आणि एक लेकीच्या कडेवर गेली.

"आता फोन लावा," त्या सासूबाईंना म्हणाल्या. "तुम्ही घातलेला घोळ तुम्हीच निस्तरा."

सासूबाईंनी फोनवर ठणकावलं, "सावळी आहे तशीच हवी. क्रीमबीम काही नको." वहिनींचा ऊर भरून आला.

"आणि हो," सासूबाई पुढे म्हणाल्या, "तुमच्या त्या गोऱ्या फारच फिक्या दिसतात. त्यांच्यासोबत एखादं टॉनिक द्या."

वहिनींनी फोन हिसकावेपर्यंत पलीकडचा म्हणालासुद्धा, "छान सूचना आहे आजी, लगेच कळवतो वर."